एकशे सहा नंबरचं कार्ड

१९३३ सालच्या अमेरिकेत एका सेंटला च्युइंगमचं एक पाकीट मिळायचं. महामंदीचे दिवस होते, घरोघरी पैशाची चणचण होती. पण एक सेंट मुलं कुठून ना कुठून जमवत. बॉस्टनच्या गाउडी गम कंपनीनं त्या वर्षी ‘बिग लीग’ नावाचं च्युइंगम विकायला काढलं. पाकिटात गमच्या वडीसोबत जाड पुठ्ठ्याचं एक रंगीत कार्ड निघायचं. पुढच्या बाजूला बेसबॉलपटूचं चित्र, मागे त्याची थोडक्यात माहिती, एक क्रमांक आणि एक आश्वासन: ही मालिका २४० खेळाडूंची आहे.

गमची चव थोड्या वेळात जायची, कार्ड मात्र राहायचं. क्रमांक छापलेला असल्यामुळे कार्डं क्रमानं लावावीशी वाटत आणि क्रमानं लावली की मधल्या मोकळ्या जागा डोळ्यांत खुपत. बेब रूथ हा त्या काळचा सर्वांत लाडका खेळाडू. त्याची एकट्याची चार कार्डं होती: ५३, १४४, १४९ आणि १८१. हळूहळू जागा भरत गेल्या. पण एक जागा कुणाच्याच संचात भरेना. १०५ होतं, १०७ होतं, १०६ नव्हतं. शेजारच्या मुलाकडे नव्हतं, पलीकडच्या गल्लीत नव्हतं, दुसऱ्या गावातल्या मावसभावाकडेही नव्हतं.

कारण १०६ नंबरचं कार्ड छापलंच नव्हतं.

ही कार्डं मोठ्या तावांवर छापून मग कापली जात. एका तावावर २४ कार्डं, असे दहा ताव. चोवीस दाहे दोनशे चाळीस, हिशेब चोख जुळतो. पण एका तावावर १४४ नंबरचा बेब रूथ दोनदा छापला होता. म्हणजे जागा २४० आणि वेगवेगळी कार्डं २३९. ही नजरचूक नसावी, असं या मालिकेचे बहुतेक अभ्यासक मानतात. संच पुरा झाला की मूल पाकीट घ्यायचं थांबतं. संच पुराच होणार नसेल, तर ते दुकानात येतच राहतं.

या मुलांनी पुढे काय केलं, ते पाहण्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा. छापलेलं, बाजारात असलेलं, सगळ्यांना सारख्याच संधीनं मिळणारं शेवटचं कार्डसुद्धा इतकं छळतं का? संग्रह करणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव ‘हो’ असाच आहे. त्यामागे नशिबाचा रोष नाही, साधं गणित आहे.

पहिली पंचेचाळीस आणि शेवटची पाच

समजा, संच ५० कार्डांचा आहे, सगळी कार्डं सारख्याच संख्येनं छापली आहेत आणि प्रत्येक पाकिटात एकच कार्ड आहे. पहिलं पाकीट फोडलं की नवं कार्ड मिळणारच. सुरुवातीची कार्डं भराभर येतात. अर्धा संच, म्हणजे २५ वेगवेगळी कार्डं, सरासरी ३४ पाकिटांतच जमतो. मग वेग मंदावतो. हातात २५ कार्डं असतात, तेव्हा दर दोन पाकिटांमागे एक नवं निघतं. ४५ असतात, तेव्हा दर दहा पाकिटांमागे एक. आणि ४९ असतात, तेव्हा उरलेल्या एका कार्डासाठी सरासरी ५० पाकिटं फोडावी लागतात.

या सगळ्या सरासरींची बेरीज सुमारे २२५ होते. ५० कार्डांच्या संचासाठी २२५ पाकिटं! त्यातही खर्चाची वाटणी पाहण्यासारखी आहे. पहिल्या ४५ कार्डांना सुमारे १११ पाकिटं लागतात आणि शेवटच्या पाचांना सुमारे ११४. संचाचा शेवटचा दहावा हिस्सा निम्म्याहून जास्त पैसे खातो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. पाकिटाला आठवण नसते. तुम्ही आधी किती पाकिटं फोडली, हे नव्या पाकिटाला ठाऊक नसतं. ४९ कार्डांवर अडकलेल्या १०० जणांनी प्रत्येकी आणखी ५० पाकिटं फोडली, तरी त्यांतल्या सुमारे ३६ जणांना ते कार्ड मिळालेलं नसतं. प्रत्येकी १०० फोडली, तरी सुमारे १३ जण रिकाम्या हातानं उरतात. ‘आता तरी निघेलच’ हा दिलासा गणितात कुठेही बसत नाही.

हा प्रश्न गणितज्ञांना च्युइंगमच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. अठराव्या शतकात अब्राहम द म्वाव्रनं फाशांच्या संदर्भात त्याचा विचार केला. पुढे लाप्लासनं फ्रान्सच्या सोडतीच्या संदर्भात तोच प्रश्न मांडला: ९० आकड्यांतून दर वेळी पाच निघतात, तर सगळे ९० आकडे एकदा तरी निघून व्हायला किती सोडती लागतील?

या गणितातून सुटायची वाट मात्र मुलांना कुणी शिकवावी लागली नाही. १११ पाकिटांतून ४५ वेगळी कार्डं मिळाली, म्हणजे ६६ जादा झाली. आपल्या भाषेत ‘डबल’. शेजारचा मुलगाही तसाच ४५ वर अडकलेला असेल, तर मला हवं असलेलं कुठलंही एक कार्ड त्याच्या संचात असण्याची शक्यता शंभरात नव्वद. त्यातलं एखादं त्याच्याकडे डबल निघालं, की पन्नास पाकिटांचं काम एका वाक्यात होतं: ‘हे माझ्याकडे डबल आहे, तुझ्याकडे काय आहे?’

हे वाक्य जगभर बोललं जातं. आपल्याकडे वेफरच्या पाकिटांतल्या टॅझोंसाठी ते शाळेच्या मधल्या सुट्टीत बोललं गेलं, डब्ल्यूडब्ल्यूईच्या ट्रंप कार्डांसाठी बोललं गेलं. त्याआधीच्या पिढ्यांनी काडेपेटीवरचे छाप असेच फिरवले. इटलीत फुटबॉलपटूंच्या चित्रांसाठी मुलं एकमेकांचे गठ्ठे झरझर चाळताना पुटपुटतात, ‘चेलो, चेलो, चेलो, मांका!’ म्हणजे ‘आहे, आहे, आहे, नाही!’ त्या ‘मांका’वर बोट थांबतं आणि सौदा सुरू होतो.

पहिली कार्डं नशीब देतं. शेवटचं विचारल्याशिवाय मिळत नाही. दुर्मिळ कार्डाच्या शोधाचा सगळा इतिहास मला या एका गोष्टीचाच विस्तार वाटतो.

दुर्मिळ कार्ड जन्माला कसं येतं

वरच्या हिशेबात आपण सगळी कार्डं सारखी छापली असं धरलं होतं. प्रत्यक्षात तसं नसतं. आणि एखादं कार्ड कमी का पडलं, हे कळल्याशिवाय ते कुठे शोधायचं हेही कळत नाही.

कधी कारण असतं माणसाचा नकार. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीनं आपल्या सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची सव्वापाचशेच्या आसपास कार्डं वाटली. त्या छोट्या पाकिटांत मावावीत, म्हणून ती जेमतेम दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून थोडी उंच होती. हीच संग्राहकांच्या जगात ‘टी-२०६’ नावानं ओळखली जाणारी मालिका. तिच्यात पिट्सबर्ग पायरेट्सचा शॉर्टस्टॉप होनस वॅग्नर होता, त्या काळच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. कंपनीनं त्याची परवानगी मिळवण्याचं काम पिट्सबर्गच्या जॉन ग्रूबर या क्रीडापत्रकाराला दिलं आणि त्याबद्दल दहा डॉलर देऊ केले. वॅग्नरनं सिगारेटच्या पाकिटात आपलं चित्र नको, असं कळवलं आणि ग्रूबरचं नुकसान होऊ नये म्हणून स्वतःचा दहा डॉलरचा चेक त्याला पाठवला. १९१२ साली ‘द स्पोर्टिंग न्यूज’मध्ये ही हकीकत आली.

वॅग्नरनं नकार का दिला, यावर आजही वाद आहे. मुलांनी कार्डासाठी तंबाखू विकत घेऊ नये, असं त्याला वाटत होतं, असं बहुतेक जण सांगतात. पण तो स्वतः तंबाखू चघळायचा आणि एका सिगारवर त्याचं नाव पूर्वी झळकलंही होतं. त्यामुळे मानधनाचा प्रश्न असावा, असंही काही जण म्हणतात. कारण काहीही असो, छपाई थांबली तेव्हा काही कार्डं बाहेर पडून गेली होती. त्यांतली पन्नास-साठच आज माहीत आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यातलं एक ७२ लाख ५० हजार डॉलरना विकलं गेलं.

कधी कारण असतं चूक. याच मालिकेत न्यूयॉर्कचा जो डॉइल हा गोलंदाज आहे. तो अमेरिकन लीगमधल्या संघाकडून खेळायचा. पण नॅशनल लीगमधल्या न्यूयॉर्कच्या संघात लॅरी डॉइल नावाचा दुसरा खेळाडू होता आणि छापणाऱ्यांनी जोच्या नावापुढे चुकून नॅशनल लीग छापलं. चूक लक्षात येताच दुरुस्ती झाली. चुकीची ओळ असलेली कार्डं आज हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच आहेत. चित्र तेच, नाव तेच, कार्डाच्या तळाशी एक छोटा शब्द जास्त. एखाद्याच्या पेटीत ते कार्ड वर्षानुवर्षं असेल आणि त्याला पत्ताही नसेल.

कधी कारण असतं अडगळ. १९५२ साली टॉप्स कंपनीनं ४०७ कार्डांची मालिका काढली. ३११ पासून पुढची कार्डं हंगाम संपत आला तेव्हा दुकानात पोचली. तोवर मुलांचं लक्ष फुटबॉलकडे वळलं होतं. माल पडून राहिला. काही वर्षांनी गोदाम रिकामं करायचं ठरलं, तेव्हा टॉप्सचे साय बर्जर यांनी न विकलेली शेकडो खोकी बार्जवर चढवून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात टाकून दिली. ही गोष्ट त्यांनीच पुढे अनेकदा सांगितली. त्या खेपेत ३११ नंबरचा मिकी मँटल होता. २०२२ साली त्याचंच एक उत्तम स्थितीतलं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं. गंमत अशी, की तावावर मँटलची जागा एक नाही, दोन होत्या. तो छापताना दुर्मिळ नव्हता; उरताना झाला.

इटलीत कारण ठरला एक गैरहजर खेळाडू. मोदेना शहरातल्या पानिनी बंधूंनी १९६१ साली फुटबॉलपटूंच्या चित्रांचा पहिला अल्बम काढला आणि देशभर वेड लागलं. १९६३-६४ च्या अल्बममध्ये अतालांता संघाचा गोलरक्षक पिएर लुईजी पित्साबाल्ला याचं चित्र काही केल्या मिळेना. संघाचे फोटो काढले, त्या वेळी तो जायबंदी होता; त्याचं चित्र उशिरा आलं. त्या पिढीतल्या इटालियन माणसाला आजही ‘पित्साबाल्ला’ म्हटलं, की शोधून न सापडणारी वस्तू डोळ्यांसमोर येते. गोलरक्षक म्हणून तो चांगला होताच, पण लोकांच्या आठवणीत राहिला तो अल्बममधल्या रिकाम्या चौकोनामुळे.

आणि कधी दुर्मिळता मुद्दाम घडवलेली असते. गाउडीचा १०६ नंबर त्यातला. त्याच्या एक वर्ष आधी, १९३२ साली, बॉस्टनच्याच यू. एस. कॅरमेल कंपनीनं ३२ नामवंत खेळाडूंची मालिका काढली आणि पूर्ण संच परत पाठवणाऱ्याला बक्षीस ठेवलं. १६ नंबरचं फ्रेडी लिंडस्ट्रॉमचं कार्ड इतकं कमी सोडलं होतं, की ते अस्तित्वात तरी आहे का, अशी शंका पन्नास वर्षं होती. १९८० च्या दशकात एक प्रत पुढे आली, तेव्हा कुठे ३२ चा आकडा खरा ठरला.

आज कंपन्या हे लपवत नाहीत, उलट त्याचीच जाहिरात करतात. २०२३ साली ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळाच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मालिकेत ‘वन रिंग’ या कार्डाची एक खास प्रत काढली गेली. जगभरातल्या पाकिटांपैकी एकाच पाकिटात ती होती. कॅनडात ती सापडली आणि पोस्ट मलोन या गायकानं ती विकत घेतली. जाहीरपणे एकच प्रत काढणं आणि २४० चं आश्वासन देऊन २३९ छापणं यांत मोठा फरक आहे. पहिल्यात माणूस सगळं माहीत असून डाव खेळतो. दुसऱ्यात मुलांच्या विश्वासाचा फायदा घेतला गेला.

शोध कसा घ्यायचा

दुर्मिळ कार्ड शोधणारा अनुभवी संग्राहक दुकानापासून सुरुवात करत नाही. तो यादीपासून सुरुवात करतो. आपल्याकडे काय आहे, काय नाही आणि जे नाही ते किती रूपांत छापलं गेलं, हे तो आधी लिहून काढतो. हव्या असलेल्या कार्डांची ही यादी म्हणजे त्याचं ओळखपत्र. अमेरिकेत अशा याद्या वर्षानुवर्षं टपालानं फिरत. ‘मला १९३३ च्या मालिकेतलं अमुक हवंय, माझ्याकडे तमुक जादा आहे’ अशी पत्रं अनोळखी माणसांना जात आणि त्यांतून आयुष्यभराची मैत्री जमे.

मग तो कार्ड वाचायला शिकतो. टी-२०६ च्या पाठीवर तंबाखूच्या ब्रँडची जाहिरात असते: पीडमाँट, स्वीट कॅपोरल, सॉव्हरिन, पोलर बेअर, असे एकूण १६ ब्रँड. आजवर माहीत असलेली वॅग्नरची कार्डं फक्त दोनच ब्रँडची आहेत, पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल. म्हणून कुणी पोलर बेअरची पाठ असलेला वॅग्नर समोर ठेवला, तर पुढचं चित्र पाहण्याचीही गरज उरत नाही. कार्डाची पाठ म्हणजे त्याचा जन्मदाखला, आणि तो न वाचता पैसे मोजणारे पस्तावतात.

तिसरं साधन भिंग. वॅग्नरच्या कार्डाच्या नकला अनेक दशकं छापल्या गेल्या आहेत. कित्येक तर नक्कल म्हणूनच उघडपणे विकल्या गेल्या आणि पुढे हात बदलता बदलता ‘आजोबांच्या पेटीतलं अस्सल कार्ड’ बनल्या. जुन्या शिळाछापाच्या कार्डावर चित्राखालची अक्षरं सलग शाईची असतात. आधुनिक नक्कल भिंगाखाली धरली, की तीच अक्षरं बारीक ठिपक्यांनी बनलेली दिसतात. कडा तपासायच्या, आकार मोजायचा, कागदाची जाडी दुसऱ्या साध्या कार्डाशी ताडून पाहायची.

या तपासण्या किती गरजेच्या आहेत, हे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध कार्डानंच दाखवून दिलं. १९९१ साली वॅग्नरचं एक अतिशय देखणं कार्ड आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी सदबीजच्या लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतलं. पुढे तेच कार्ड २००७ साली २८ लाख डॉलरपर्यंत गेलं. त्याच्या कडा संशयास्पद सरळ आहेत, अशी कुजबुज पहिल्यापासून होती. २०१३ साली ते कार्ड एके काळी विकणारे बिल मॅस्ट्रो यांनी, ते चांगलं दिसावं म्हणून आपण त्याच्या कडा कापल्या होत्या, अशी कबुली दिली. शंभराहून जास्त वर्षं टिकलेल्या वस्तूची खरी किंमत तिच्या खरेपणात असते. झिजलेला कोपरा हा त्या वस्तूचा इतिहास आहे, कापलेली कड हे त्या इतिहासाशी केलेलं खोटं.

चौथी वाट घरांतून जाते. २०१२ साली ओहायो राज्यातल्या डिफायन्स गावात एका कुटुंबानं आजोबांच्या घराचा माळा आवरायला काढला. आजोबांचं मांसविक्रीचं दुकान होतं. माळ्यावर काजळी साचलेलं एक पुठ्ठ्याचं खोकं सापडलं, आत दोरीनं बांधलेली बेसबॉलची सुमारे ७०० छोटी कार्डं. १९१० च्या सुमाराला दुकानात गिऱ्हाइकांना वाटायला आलेली आणि वाटायची राहून गेलेली ती असावीत. टाय कॉब, साय यंग आणि होनस वॅग्नर, सगळे तिथे होते आणि शंभर वर्षं हात न लागल्यामुळे कालच छापल्यासारखे होते. ३० कार्डांची ही मालिका तोवर चांगल्या स्थितीत क्वचितच पाहायला मिळायची. त्या घरातल्या वीस चुलत-आते-मामेभावंडांनी तो ठेवा सारखा वाटून घेतला. यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांनी ते खोकं रद्दीत घातलं नाही; हे काय आहे, असं आधी जाणकारांना विचारलं.

टी-२०६ मागे काय दडलंय

आतापर्यंत ‘टी-२०६’ हा शब्द इतक्या वेळा आला. तो आला कुठून? कार्डावर तो कुठेही छापलेला नाही. तो एका आजारी, गरीब आणि विलक्षण चिकाटीच्या माणसानं दिला आहे.

जेफरसन बर्डिक यांचा जन्म १९०० सालचा, न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट्रल स्क्वेअर गावातला. सिरॅक्यूजमधल्या एका कारखान्यात ते विजेच्या उपकरणांची जुळणी करत. संधिवातानं त्यांची बोटं, मनगटं हळूहळू आखडत चालली होती. लग्न केलं नाही, पैसा साठला नाही. लहानपणी सिगारेटच्या पाकिटांतली कार्डं गोळा करण्याचा नाद लागला होता, तो सुटला नाही. मोठेपणी त्यांच्या लक्षात आलं, की अमेरिकेत लाखो कार्डं छापली गेली, पण ती कुणी छापली, किती छापली, कुठला संच किती कार्डांचा, याची नोंद कुठेच नाही. कंपन्यांनी ती ठेवली नव्हती. ग्रंथालयांना त्यात रस नव्हता.

१९३७ साली त्यांनी संग्राहकांसाठी एक छोटं पत्रक सुरू केलं. देशभरातल्या अनोळखी माणसांना ते विचारत राहिले: तुमच्याकडे काय आहे? पाठीवर काय लिहिलंय? सगळ्यात मोठा क्रमांक कुठला? उत्तरं जुळवत जुळवत १९३९ साली त्यांनी कार्डांची सूची छापली. पुढे ती ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ म्हणून प्रसिद्ध झाली. विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं ‘टी’, एकोणिसाव्या शतकातली ‘एन’, अलीकडची गम-गोळ्यांची ‘आर’. त्या सूचीत तंबाखूच्या ज्या मालिकेला २०६ हा क्रमांक मिळाला, ती टी-२०६. आपल्या गाउडीची १९३३ सालची मालिका म्हणजे आर-३१९. लाखो डॉलरचे लिलाव आज ज्या नावांनी पुकारले जातात, ती नावं या कारखान्यातल्या कामगारानं ठेवली आहेत. त्यांच्या सूचीत वॅग्नरची किंमत ५० डॉलर दिली होती. बहुतेक साधी कार्डं तेव्हा काही सेंटांना मिळत, म्हणून तीही डोळे विस्फारायला लावणारी होती.

१९४७ पासून बर्डिक आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला देऊ लागले. मुद्राचित्र विभागाचे प्रमुख ए. हायट मेयर यांनी त्याचं मोल ओळखलं. पण खोक्यांतली कार्डं अल्बममध्ये लावणार कोण? ते काम बर्डिकनी स्वतः पत्करलं. आयुष्याच्या अखेरीला नोकरी सोडून ते न्यूयॉर्कला आले आणि संग्रहालयातल्या एका मेजाशी बसून, वाकत नसलेल्या बोटांनी एकेक कार्ड पानावर चिकटवत राहिले. बेसबॉलची तीस हजारांहून जास्त आणि सगळी मिळून तीन लाखांहून जास्त. १० जानेवारी १९६३ रोजी त्यांनी काम संपल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते रुग्णालयात दाखल झाले आणि दोन महिन्यांनी, १३ मार्चला, गेले.

एका माणसाच्या या खटाटोपाकडे मला केवळ छंद म्हणून बघता येत नाही. कुठलं कार्ड दुर्मिळ आहे, हे कळण्यासाठी आधी सगळी कार्डं माहीत असावी लागतात. रिकाम्या जागेला क्रमांक असेल, तरच ती रिकामी दिसते. बर्डिकनी आपल्या संग्रहातली उणीव भरून काढता काढता सगळ्यांच्याच उणिवांची यादी करून दिली. आज कुणी टी-२०६ चा संच पुरा करायला बसतो, तेव्हा तो त्यांच्याच यादीवर खुणा करत असतो.

क्लिपची खूण

आता पुन्हा १०६ कडे.

१९३३ सालच्या मुलांनी आणि मोठ्या संग्राहकांनी शेवटी तेच केलं, जे या प्रकरणातला प्रत्येक शोध करत आला आहे. त्यांनी विचारलं. बॉस्टनला पत्रं जाऊ लागली: तुमच्या कार्डावर २४० लिहिलंय, आमच्याकडे २३९ आहेत, १०६ कुठे आहे? पत्रांची संख्या वाढली, तेव्हा गाउडी कंपनीला १०६ छापावंच लागलं. १९३४ साली, पुढच्या मालिकेच्या छपाईसोबत, ते कार्ड तयार झालं. त्यावर चित्र आलं नॅप लाजोए याचं. हा खेळाडू प्रमुख लीगमधून १९१६ मध्येच निवृत्त झाला होता. पत्र लिहिणाऱ्या बहुतेक मुलांनी त्याला कधी खेळताना पाहिलेलंच नव्हतं. पण त्यांना लाजोए नको होता, १०६ हवा होता.

हे कार्ड कधीच पाकिटात आलं नाही. ज्यांनी पत्र लिहून मागितलं, त्यांनाच ते टपालानं गेलं, कंपनीच्या पत्राला तारेच्या छोट्या क्लिपनं टाचून. नव्वद वर्षांनंतर या कार्डाच्या ज्या प्रती उरल्या आहेत, त्यांतल्या अनेकांच्या वरच्या कडेला त्या क्लिपचा वळ उमटलेला दिसतो, काहींवर गंजाची पुसट रेघ.

कार्डाची प्रत ठरवणारे जाणकार अशा खुणेला दोष मानतात आणि तिच्यासाठी गुण कापतात. त्यांच्या कामाच्या नियमांनी ते बरोबरच आहे. पण ते कार्ड भिंगाखाली धरलं, की मला त्या वळाच्या जागी एक पत्र दिसतं. कुणीतरी आपली २३९ कार्डं मोजली, पुन्हा मोजली, शाईत टाक बुडवला आणि एका मोठ्या कंपनीला विचारलं, की उरलेलं एक कुठे आहे. ज्यांनी विचारलं नाही, त्यांच्या संचात १०५ नंतर १०७ आलं आणि तसंच राहिलं.